नदीवर गेलेला डबा

१

मधुकरराव शारजाला कामावर आणि मिहिका कॉलेजला गेली, दुपारचा ओटा पुसून झाला, की शोभनाकाकू दाराच्या मॅजिक आयला डोळा लावत. याला चोंबडेपणा म्हणायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. काकूंचं म्हणणं असं, की परमुलखात माणसानं माणसाकडे नाही बघायचं तर काय भिंतीकडे बघायचं? अजमानच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे मासे तळतात, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाची सासू आलीय, हे सगळं काकूंना त्या काचेच्या ठिपक्यातून कळे.

मिहिका चिडायची. "आई, इट्स सो क्रीपी!"

"क्रीपी तर क्रीपी. तुला ताप आला तेव्हा औषध आणून कुणी दिलं? बघणाऱ्यांनीच ना?"

औषध आणणारी सुनेत्रा. समोरचं दार तिचं. नवरा प्रकाश एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर, आणि मुलगी इरा, दुसरीतली, दोन दात पडलेली. काकूंचा आणि सुनेत्राचा खरा व्यवहार चालायचा तो भांड्यांचा. इकडून वाटीभर आमटी गेली की वाटीतून चार खजूर यायचे. खजुराची वाटी परत जाताना लसणाची चटणी घेऊन जायची. "काकू, आमच्या साताऱ्यात रिकामं भांडं परत देत नाहीत," सुनेत्रा म्हणायची. जसं काही काकूंच्या नाशकात देतात! एकदा तिच्या घरात खरंच काही नव्हतं, तर तिनं वाटीत चमचाभर साखर घालून इराच्या हाती पाठवली. इरानं ती साखर दोन दारांच्या मधल्या चार पावलांत चाटून संपवली आणि ओली वाटी काकूंच्या हातात दिली. काकू आठवडाभर ती गोष्ट ज्याला त्याला सांगत होत्या.

या सगळ्यात काकूंचा एक मोठा स्टीलचा डबा होता. लग्नात थोरल्या बहिणीनं, हेमाताईनं दिलेला. झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: 'सौ. शोभनास, हेमाकडून'. झाकणाची कड एका बाजूनं चेपली होती, त्यामुळे ते उघडताना 'टण्ण' असा आवाज व्हायचा आणि मागे थोडा वेळ घुमत राहायचा. तो आवाज काकूंनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

तो दोन हजार आठचा हिवाळा. दुबईतल्या क्रेन आकाशात जिथल्या तिथं थबकल्या होत्या. रोज कुणाची तरी नोकरी जात होती, बँकेचं कर्ज थकलं की तिथं सरळ तुरुंग, म्हणून माणसं निरोप न घेता नाहीशी होत होती. काल लिफ्टमध्ये 'काय काकू, तीन दिरहॅमला एवढीशी कोथिंबीर, चाळीस रुपये झाले हो!' म्हणणारा माणूस आज नाही. गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये, किल्ली गाडीतच. इमारतीनं न बोलता एक रीत धरली होती. कुणी नाहीसं झालं की विचारायचं नाही. कुणी बाहेरचा चौकशीला आलाच, तर सांगायचं, 'सुट्टीवर गेलेत.' तेवढीच बिचाऱ्यांना मदत. इमारतीचा नातूर, म्हणजे आपला वॉचमन, इद्रीस, तोही समजून होता. "सब छुट्टी पे है, बाजी," तो म्हणायचा. "पूरा बिल्डिंग छुट्टी पे है."

२

डिसेंबरात दोन गाड्या करून सगळे नदीवर गेले होते.

तिकडे तिला वादी म्हणतात. डोंगरातून उतरणारं गोट्यांचं रुंद पात्र, वर्षभर कोरडं ठणठणीत. हिवाळ्यात वर पाऊस झाला तर एखाददुसरा दिवस वाहणारं. काकू तिला नदीच म्हणायच्या.

"पाणी नाही, घाट नाही, देऊळ नाही. कसली नदी?" मधुकरराव म्हणाले.

"शी इज स्लीपिंग, अंकल," इरा म्हणाली.

पात्राच्या वळणावर थोड्या उंचवट्यावर दगडांची एक रांग होती. साधेच दगड, उभे पुरलेले, कुठे कुठे चुन्याचा पांढरा डाग राहिलेला. प्रकाश कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. सर्व्हेअरची नजर, त्याला जमीन दिसली की मोजावीशी वाटे.

"काकू, इथं मोजणीचा तळ होता. गोऱ्या साहेबाचा. तेव्हा इथला कारभार मुंबईहून चालायचा. रुपयासुद्धा आपलाच."

"म्हणजे गुणाकाराची कटकट नाही!" मधुकरराव खूश झाले.

"ही वादी ह्या शेखची की त्या शेखची, असा तंटा होता. साहेब म्हणाला, मोजतो आणि मधोमध रेघ मारतो. मोजणीच्या साखळ्या ओढायला माणसं आणली ती आपल्याकडची. रत्नागिरीची. इथल्या लोकांनी सांगितलं, पात्रात तंबू ठोकू नका. साहेबानं त्यांना नकाशा दाखवला. त्यात नदी नव्हतीच, नुसती ठिपक्यांची रेघ. शिवाय पात्रात सावली, जमीन सपाट. साहेब स्वतः राहिला वर, शेखच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून."

"मग रे?"

"मग काय. डोंगरात पाऊस झाला, आणि इथं लख्ख ऊन." प्रकाशनं हात नुसता वरून खाली नेला.

"अगं बाई. आणि माणसं?"

"साहेबानं वरती कळवलं, मजूर पळून गेले. पळून गेलेल्याला कोण शोधतंय, काकू? पळाले म्हटलं की काम संपलं. वर खजुराच्या बागेत एक म्हातारा आहे ना, त्याच्या वडलांनी हे दगड लावले. माणसामागे एक."

काकू दगड मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. नको वाटलं. सुनेत्रानं विषय बदलला, पुऱ्या काढल्या. इरा तेवढ्यात बिस्किटांचा पुडा घेऊन पळाली आणि एकेका दगडावर एकेक बिस्किट ठेवत गेली. "फॉर द अंकल्स," ती म्हणाली. "दे मस्ट बी हंग्री, नो?"

निघताना काकूंनी मागे वळून पाहिलं. त्यांची सवयच ती. दगडांवर बिस्किटं दिसली नाहीत. पाखरांनी नेली असणार, असं त्या मनाशी म्हणाल्या; पण पाखरू काही त्यांनी पाहिलं नव्हतं.

३

जानेवारीत प्रकाशची नोकरी गेली. महिनाअखेरची तिकिटं काढली असं सुनेत्रा सांगत होती. काकूंनी ऐकलं आणि मान हलवली. सगळेच आधी तारखा सांगत, आणि तारखेच्या आधीच एका सकाळी दार बंद दिसे.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी सकाळी सुनेत्रा दारात आली. "काकू, इराला जायच्या आधी एकदा नदी बघायचीय. तुम्ही येता?"

मधुकररावांना सर्दी होती, नाकाचा नळ झाला होता. काकू नको म्हणाल्या, पण हात रिकामा कसा ठेवणार? मोठ्या डब्यात गुळपोळ्या भरल्या, वर तुपाची वाटी ठेवली आणि झाकण दाबलं.

"डबा हेमाताईचा आहे हो. आठवणीनं परत दे."

"रिकामा नाही देणार, काकू!" सुनेत्रा लिफ्टमधून हसत म्हणाली. इरानं दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला होता. दार मिटलं.

दुपारी काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. ऊन असं, की चादरीकडे बघवत नव्हतं. लांब डोंगरांच्या बाजूला मात्र शाईसारखा एक पट्टा होता. काकूंनी तो पाहिला, चिमटे लावले आणि खाली आल्या.

शनिवारी समोरचं दार उघडलं नाही. रविवारीही नाही. फोन बंद. गाडी जागेवर नव्हती.

"गेले," मधुकरराव चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "खलास. विषय काढू नकोस आता."

"मला न सांगता?"

"सांगून कोण जातं गं?"

काकूंना ते फार लागलं. नदीवर जातो म्हणाली, डबा घेऊन गेली, आणि गेली ती सरळ विमानतळावर! इरानं एक पापीही दिली नाही. हेमाताईचा डबा तर डबा, पण माझ्याशी खोटं बोलायचं? दोन दिवसांनी इद्रीसनं विचारलं, "बाजी, सामनेवाले?" तरी रीत ती रीत. "छुट्टी पे," त्या म्हणाल्या. "घर में शादी है."

व्हिसा रद्द करायच्या कागदांवर सही हवी म्हणून प्रकाशच्या ऑफिसातून माणूस आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. आणि सांगताना इतकं खरं सांगितलं, की लग्न कुणाचं आहे तेसुद्धा सांगितलं.

४

आवाज ऐकू आला तो आठवडाभरानं, ऐन दुपारी.

काकू भांडी घासत होत्या. नळ बंद केला, तरी पाणी वाहतच राहिलं. कुठेतरी मागे, भिंतीपलीकडे. बादली भरतेय असं नाही, उलट न भरणारं काहीतरी चाललंय असं. वरच्या मजल्यावरच्या बदरुन्निसाआपांचं वॉशिंग मशिन असेल. त्यांनी कान दिला. मशिन थांबतं, घुर्र करतं. हे थांबत नव्हतं. आणि त्यात मधूनच दगडावर दगड घसरल्यासारखं बारीक काहीतरी.

त्या बाहेर पॅसेजमध्ये आल्या. ओल्या मातीचा वास होता. अजमानमध्ये ओल्या मातीचा वास कुठून येणार? कुणीतरी कुंड्यांना पाणी घातलं असेल. पॅसेजमध्ये कुणाचीही कुंडी नव्हती.

काकू आत आल्या, दार लावलं, आणि डोळा काचेला लावला.

सुनेत्राच्या दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. त्यात नवल नव्हतं, हॉलची खिडकी पश्चिमेला होती, दुपारी ऊन यायचंच. पण तो उजेड थरथरत होता. विहिरीच्या पाण्यावरून छतावर पडलेलं ऊन हलतं ना, तसा.

मग फटीतला उजेड मध्ये दोन ठिकाणी काळा झाला. शेजारी शेजारी, छोटेसे दोन ठिपके. दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी लहान येऊन उभं राहिलं होतं.

ठिपके थोडा वेळ तसेच राहिले. एक पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. खेळताना, कंटाळल्यावर, मूल करतं तसं.

आणि त्या दारामागून, आतून, सुनेत्राच्या स्वयंपाकघराच्या बाजूनं, आवाज आला: टण्ण. मग थोडा वेळ घुमत राहिला.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीनं नव्हे हो, आनंदानं! गेली नव्हती. न सांगता गेली नव्हती! माझी सुनेत्रा इथंच होती, घरात, अंधारात, पोराला घेऊन लपून बसली होती. गाडी विकली असेल, फोन बंद ठेवला असेल. काय वेळ आली बिचाऱ्यांवर!

५

आता काकूंना दिवस पुरेनात. लाईट कापलेली, गॅस संपला असणार, मग खात काय असतील? कुणाला कळता कामा नये. मधुकररावांनाही नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. दुपारी पॅसेज मोकळा झाला की काकू वरणभाताचं पातेलं समोरच्या दाराशी ठेवत, दारावर नखानं टकटक करत, "मी आहे गं," असं पुटपुटत आणि मागे न बघता आत येत. मागे न बघणं त्यांना फार जड जाई. पण सुनेत्राला संकोच वाटला असता.

दुसऱ्या दुपारी पातेलं काकूंच्या दाराशी होतं. स्वच्छ धुतलेलं, अजून ओलं. आत एक गोटा. राखाडी, गुळगुळीत, लिमलेटच्या गोळीएवढा.

काकूंनी तो तळहातावर घेतला आणि तिथंच चौकटीला टेकून रडल्या. घरात साखरेचा दाणा नाही, तरी पोरीनं भांडं रिकामं दिलं नाही. इराकडचा खेळातला दगड घातला त्यात.

गोटा फार गार होता. फ्रिजमधल्यासारखा. आणि कितीही पुसला तरी कोरडा होईना. काकूंनी तो खिडकीत उन्हात ठेवला, तर खिडकीच्या कठड्यावर पाण्याचा ओघळ आला.

मग रोजच. उपमा गेला, एक गोटा आला. साबुदाण्याची खिचडी गेली, मूठभर मऊ, पिठासारखी बारीक रेती आली. काकू दारामागे उभ्या राहून पाहत, भांडं कोण ठेवतं ते. कधी दिसलं नाही. कुकरची शिट्टी होई, त्या वळत, आणि वळून पुन्हा बघेतो भांडं दाराशी असे. इतक्या वर्षांचा त्यांचा तो डोळा, पण या एका गोष्टीत रोज फसत होता.

एकदा इद्रीस फडकं घेऊन पॅसेज पुसताना भेटला.

"बाजी, ये पानी कहाँ से आता है? सामनेवाले का तो मेन कॉक बंद है. मैंने खुद बंद किया."

"एसी का होगा."

"लाईट ही नहीं है, बाजी."

"तो ऊपर से आता होगा," काकू ठसक्यात म्हणाल्या. "तू जास्ती मत सोच."

तो सोचत राहिला, हे काकूंना दिसलं. त्यांनी त्याला पोहे दिले. दुसऱ्या दिवशी प्रकाशच्या ऑफिसचा माणूस पुन्हा आला तेव्हा काकूंनी आधीचं लग्न आणखी वाढवून सांगितलं. आता बाळंतपणही होतं. तो हसून म्हणाला, "आम्हाला ठाऊक आहे, आंटी. पळालेत. आम्ही तशी तक्रारही देऊन टाकली." काकूंना बरं वाटलं. एकदा पळाले असं सगळ्यांनी मानलं, की आता समोर कुणी ढुंकून बघणार नव्हतं.

त्या रात्री मिहिका खिडकीतला ढीग बघून म्हणाली, "आई, हे काय? व्हाय आर दीज स्टोन्स वेट?"

"असू दे. इराचे आहेत."

"इरा? बट दे लेफ्ट, राइट?"

काकूंनी कठड्यावरचा ओघळ फडक्यानं टिपला आणि पडदा ओढून घेतला.

६

फोन आला तो पुन्हा दुपारीच. भारतातला नंबर.

"शोभनाकाकू का? मी शुभ्रा. सुनेत्राताईची धाकटी बहीण. तिनं तुमचा नंबर देऊन ठेवला होता, अडीअडचणीला." मुलीचा आवाज कोरडा झाला होता. "ताई निघताना काही म्हणाली का हो? कंपनीचा फोन जमा करणार, आता एकदम भेटल्यावरच बोलू, असं म्हणाली होती, म्हणून आम्ही थांबलो. काल त्यांचं विमान होतं. आम्ही मुंबईला जाऊन उभे होतो. सगळं विमान रिकामं झालं, काकू. ते उतरलेच नाहीत."

"अगं, घाबरू नकोस!" काकू मोठ्या उमाळ्यानं म्हणाल्या. आता लपवून काय करायचं, घरचीच पोर ती. "इथंच आहेत सगळी. सुखरूप आहेत. घरात लपून बसलीत बिचारी, मी रोज डबा देते. थांब, आत्ता बोलणं करून देते तुझं."

फोन तसाच कानाशी धरून त्या समोर गेल्या. टकटक केलं. "सुनेत्रा, शुभ्राचा फोन आहे गं. उघड." मग मुठीनं. "प्रकाश! अरे उघडा, कुणी नाही दुसरं." मग दोन्ही हातांनी. पलीकडून शुभ्रा विचारत होती, काय झालं, काकू, काय झालं?

इद्रीस आवाज ऐकून किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर आला. त्यानं किल्ली फिरवली.

आत ऊन होतं आणि धूळ होती. जमिनीवर धुळीचा असा सलग थर, की त्यावर साधी मांजर चालली असती तरी दिसलं असतं. दाराच्या आतल्या बाजूला, जिथं ते छोटे ठिपके उभे राहायचे, तिथंही धूळच. कुणाचं पाऊल नाही. हॉलमध्ये बॅगा उघड्या, निम्म्या भरलेल्या. इराचे लोकरीचे कपडे एकावर एक. फ्रिज आंबला होता. त्याच्या दारावर चुंबकाखाली तीन तिकिटं लावलेली होती, कालच्या तारखेची. माणसं पळून जाणार असतात ती महिनाअखेरची तिकिटं फ्रिजवर लावून, पोराचे स्वेटर घड्या घालून ठेवून जात नाहीत, हे काकूंना तेव्हा कळलं. ती शुक्रवारी नदीवर जातो म्हणाली आणि नदीवर गेली. एवढं साधं होतं ते.

पाण्याचा आवाज नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात गेल्या.

ओट्यावर हेमाताईचा डबा होता.

ओट्यावरही धूळ होती. डब्याभोवती मात्र ओलं वर्तुळ. झाकण लावलेलं. काकूंनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. टण्ण.

डबा काठोकाठ पाण्यानं भरला होता. तळाशी पिठासारखी रेती. वर गुळपोळीतले तीळ तरंगत होते, आणि ते स्थिर नव्हते. सगळे एकाच बाजूला वाहत जात होते, कडेला टेकले की खाली बुडत होते, आणि दुसऱ्या कडेनं पुन्हा वर येत होते. ओटा हलत नव्हता. कुणी हात लावला नव्हता. त्या एवढ्याशा डब्यात पाणी सारखं पुढे, पुढे चाललं होतं.

"या अल्लाह," इद्रीस मागून म्हणाला. म्हणजे त्यालाही दिसलं.

कानाशी शुभ्रा रडत होती. "काकू, दिला का ताईला? देताय ना फोन?"

७

पोलीस चौकीतल्या माणसानं संगणकात पाहिलं आणि हिंदीत सांगितलं, कंपनीची तक्रार आहे, ये लोग तो भाग गये. मधुकरराव, आयुष्यात कुणाशी आवाज चढवून न बोललेले, टेबलावर हात आपटून म्हणाले, "नहीं भागे!" मग चक्रं फिरली. आठवड्यानं नदीच्या वळणाच्या खालच्या अंगाला, रेतीखाली, गाडी सापडली. काचा बंद. आत रेती होती. दुसरं काही सापडलं नाही, आणि नंतरही नाही.

तपास करणारा वरचा अधिकारी भला माणूस होता. त्यानं एवढंच विचारलं, की सुट्टीवर गेलेत असं नातूरला कुणी सांगितलं? इद्रीस जमिनीकडे बघू लागला. तो नाव घेणार नव्हता.

"मी सांगितलं," शोभनाकाकू म्हणाल्या.

त्यांना कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या वर्षी इमारतीतून आणखी किती तरी घरं गेली. पण आता एखादं दार दोन दिवस बंद दिसलं की काकू सरळ जाऊन ठोठावत, फोन करत, ऑफिसात विचारत, गावाकडचा नंबर मागून घेत. लोक वैतागले. बदरुन्निसाआपा तोंडावर म्हणाल्या, "शोभनाबहन, लोगों को इज्जत से भागने तो दो." काकू म्हणाल्या, "भागने दो ना. पर मुझे बता के."

डब्यातलं ते पाणी काकूंनी बाल्कनीतल्या तुळशीला घातलं नाही, मोरीत तर नाहीच. झाकण लावून फडताळात ठेवलं. कधीमधी, गच्चीवरून डोंगराकडे शाईचा पट्टा दिसला की, आतून दगडावर दगड घसरल्यासारखं बारीक ऐकू येई. मधुकरराव टीव्हीचा आवाज वाढवत.

पुढच्या संक्रांतीला काकू पहाटेपासून गुळपोळ्या लाटत होत्या.

"अगं, इतक्या?" मधुकररावांनी ढिगाकडे पाहिलं. "त्या तिघांना किती लागतील?"

"तिथं आपली आणखीही माणसं आहेत," काकू म्हणाल्या. "रत्नागिरीची. त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलंय?"

नदी कोरडी होती. आकाश सगळीकडे निळं आहे, डोंगरावरसुद्धा, हे मधुकररावांनी गाडी थांबवून दोनदा पाहून घेतलं होतं. दगडांची रांग तशीच होती. त्या रांगेच्या टोकाला कुणीतरी नवे दगड लावले होते, आणि त्यातला एक बुटका होता. वरच्या बागेत म्हातारा खजुराला टेकून उभा होता. त्यानं लांबूनच हात छातीवर ठेवला.

काकूंनी डब्यातलं पाणी गोट्यांवर ओतलं. ते मुरलं नाही. उताराच्या दिशेनं एक बारीक रेघ धरून गोट्यांमधून निघून गेलं, ओळखीच्या वाटेनं घरी जावं तसं. मग त्यांनी डबा पदरानं पुसला, पोळ्या भरल्या, तुपाची वाटी ठेवली, झाकण चांगलं दाबून बसवलं आणि बुटक्या दगडाशी टेकवून ठेवला.

"सुनेत्रा, डबा ठेवलाय गं," त्या म्हणाल्या. नेहमीसारखंच, पॅसेजमध्ये म्हणत तसं. "परत द्यायची घाई नाही."

दोघं गाडीकडे निघाली. दहा-बारा पावलं गेली असतील.

टण्ण.

मागे ते थोडा वेळ घुमत राहिलं. मधुकरराव जागीच थबकले. ते मान वळवू लागले, तशी काकूंनी त्यांचा दंड धरला, घट्ट.

"बघू नका," त्या म्हणाल्या.

"पण शोभना, झाकण तू नीट..."

"नीट लावलं होतं. चला तुम्ही. आपण बघत उभं राहिलं की तिला संकोच वाटतो. खाऊ दे त्यांना."

आणि ज्यांनी सारा जन्म दुसऱ्याच्या दारात डोकावण्यात घालवला, त्या शोभनाकाकू गाडीपर्यंत मागे न बघता चालत गेल्या, आणि गाडीत बसल्यावर पुढच्या वळणापर्यंत डोळे मिटून सरळ समोर तोंड करून बसल्या.